चंद्र दीड वाजता उगवतो

जून २०२३ मधली संकष्टी. ७ तारीख, बुधवार. ओट्यावर वरणभात, बटाट्याची भाजी आणि पाच मोदक झाकून ठेवलेले, आणि मी मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्याशेजारी आभाळाकडे बघत उभी. आमचं गाव नॅव्हन, आयर्लंडच्या मीथ परगण्यातलं. सूर्य दहाच्या सुमारास मावळला. अकरा वाजले, बारा वाजले, तरी उत्तरेकडचं आभाळ निळसरच, कारण जूनमध्ये इथे पुरता अंधार होतच नाही. नवरा दोनदा खिडकीत येऊन गेला. "वाईतले लोक जेवून, झोपून आता उठायला आले असतील," एवढंच म्हणाला. चंद्र दिसला तेव्हा दीड वाजत आला होता. आग्नेयेला, पलीकडच्या घराच्या धुराड्याला टेकून, एका बाजूने चेपलेल्या भोपळ्यासारखा. अर्घ्य दिलं. मोदक दगड झाले होते.

वाईला संकष्टी म्हणजे संध्याकाळी आईबरोबर ढोल्या गणपतीला जायचं, कृष्णेच्या घाटावर जरा टेकायचं आणि कॅलेंडरवरच्या वेळेला गच्चीत जायचं. चंद्र हजर असायचा. नॅव्हनला आल्यावरही मी ते कॅलेंडर दर वर्षी मागवत राहिले. त्यावर मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ असते. आपलं घड्याळ तेवढं दाखवायला लागलं की चंद्र दिसो न दिसो, पान वाढायचं. सात वर्षं मी असं केलं. त्या जूनमध्ये आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि का कोण जाणे, हट्टाने ठरवलं की या वेळी बघूनच जेवायचं.

तिथी सगळ्या जगासाठी एकाच क्षणी बदलते, पण चंद्र प्रत्येक गावाला त्या गावाच्या वेळेने उगवतो. ही शाळकरी गोष्ट माझ्या डोक्यात त्या रात्री शिरली. नॅव्हन साडेत्रेपन्न अक्षांशाच्या वर आहे. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या पुढचा चंद्र इथे दक्षिणेकडून, खालून, रडतखडत वर येतो. पुढे हिशेब मांडून बघितला तर मी अर्घ्य दिलं तेव्हा चतुर्थी संपून पंचमी लागलेली! नॅव्हनची खरी संकष्टी आदल्या रात्री होऊन गेली होती आणि मी त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवले होते.

दुसऱ्या दिवशी समोरच्या आजींनी विचारलंच, रात्री दिवा घेऊन काय करत होतीस म्हणून. इथे ऐंशीच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. मी सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांचे वडील शेतकरी. डुक्कर मारायचं ते चंद्र वाढता असताना, नाहीतर मांस शिजताना आटतं, असं ते म्हणायचे. "पण आमचे सण चंद्रावर नाहीत," आजी म्हणाल्या आणि त्यांनी चार बोटं धरली. १ फेब्रुवारी, संत ब्रिजिडचा दिवस, जुनं नाव इम्बोल्क. १ मे, ब्यालतिना. १ ऑगस्ट, लूनसा. १ नोव्हेंबर, साउइन. यातली शेवटची तीन नावं आयरिश भाषेत महिन्यांचीही आहेत, म्हणजे कॅलेंडरवर मे महिन्याला ब्यालतिनाच लिहिलेलं असतं. आणि सप्टेंबरचं आयरिश नाव आहे 'शरदाचा मध्य', म्हणजे इथे शरद १ ऑगस्टलाच सुरू होतो. लॅबमधले सहकारी १ फेब्रुवारीला गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडता खरवडता "आज वसंत सुरू" असं का म्हणतात, त्याचा उलगडा त्या दिवशी झाला. मला इतकी वर्षं तो विनोद वाटत होता.

वही सुरू केली ती १ ऑगस्ट २०२३ ला. लूनसा, आणि त्याच दिवशी पौर्णिमा, तीही अधिक श्रावणातली. असा योग आल्यावर थांबणं बरं दिसलं नसतं. आदला जुलै आयर्लंडच्या नोंदींमधला सगळ्यात पावसाळी जुलै ठरला होता आणि ऑगस्टची सुरुवातही त्याच वळणावर. त्यामुळे पहिली नोंद अशी आहे: "पांढरा डाग. बाकी ढग."

पद्धत माझी मीच ठरवली. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला तीन ओळी. आभाळात काय, घरात काय, मनात काय. तीनच. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये पाळ्यांवर काम करते, त्याहून जास्त मला झेपणारं नव्हतं. आणि आजींच्या चार दिवसांना मागची पानं वाचायची.

मध्यंतरी पैसे भरून एका चंद्रवर्तुळातही, म्हणजे चंद्राच्या नावाने जमणाऱ्या मंडळातही, जाऊन आले. उशांवर बसलो, मेणबत्त्या लावल्या, कागदावर संकल्प लिहून ते जाळले. तिथल्या बाई म्हणाल्या, वर्षाच्या चक्रातले हे आठ सण केल्टिक लोकांनी, म्हणजे आयरिश लोकांच्या पूर्वजांनी, पाच हजार वर्षं जपले आहेत. घरी येऊन वाचत बसले. आयर्लंडच्या जुन्या वाङ्मयात चारच सण आहेत, आजींनी मोजले ते. त्यांत दोन अयनदिन आणि दोन संपातदिन घालून आठ आऱ्यांचं चाक केलं ते इंग्लंडमधल्या नव-पेगन मंडळींनी, म्हणजे ख्रिस्तापूर्वीचे धर्म नव्याने पाळणाऱ्यांनी, १९५० च्या दशकात. आणि न्यूग्रेंजचा तो थोरला दगडी टेकाड, जिथे हिवाळी अयनाच्या सकाळी ऊन आतल्या गाभाऱ्यात शिरतं, तो इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचा, म्हणजे केल्टिक भाषा या बेटावर पोचण्याच्याही आधीचा. अर्थात नवं म्हणून खोटं, असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक गणेशोत्सव तरी कुठे १८९० च्या दशकाआधीचा आहे? पण तो पाच हजार वर्षांचा आहे असं सांगून कुणी वर्गणी मागितली तर मी दार लावून घेईन. त्या वर्तुळात पुन्हा गेले नाही. खरं कारण इतिहास नव्हता. तीन तासांत एकदाही कुणी उठून बाहेर चंद्र बघितला नाही, ते मला खटकलं.

त्या वाचनात एक घबाड मात्र हाती लागलं. १८९७ मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी गावी काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले. जोडल्यावर ते निघालं गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या, केल्टिक लोकांचं पंचांग. महिने चंद्राचे, २९ किंवा ३० दिवसांचे. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, म्हणजे आपले पक्षच. काही महिन्यांपुढे शुभ अशी खूण, काहींपुढे अशुभ. पाच वर्षांचं चक्र आणि त्यात ६२ महिने, म्हणजे साठ अधिक दोन, मधे घातलेले. अधिक मास! वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचंच आणि त्यातही चांद्रमास ६२. मी ते वाचून नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "चंद्र एकच आहे, गणित दुसरं कुठून येणार?" आणि कूस बदलली. मला राग आला, पण बोलला ते बरोबर होतं. आणि या पत्र्यामुळे आजींचं एक वाक्य मला तपासून घ्यावं लागलं. सण चंद्रावर नाहीत हे आजचं. कधीकाळी निदान गॉलमधल्या केल्टिक लोकांचे महिने तरी चंद्रच मोजून देत होता.

२ ऑक्टोबरची संकष्टी सुखाची गेली. शरदात इथे उलटा प्रकार होतो. पौर्णिमेनंतरचे चार-पाच दिवस चंद्र रोज थोडाथोडाच उशिरा उगवतो. कापणीच्या दिवसांत सूर्य बुडाला तरी शेतात उजेड राहायचा तो यामुळेच, म्हणून त्या पौर्णिमेला कापणीचा चंद्र म्हणतात. माझ्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की आठ वाजता चंद्र वर आणि मोदक गरम. मुंबईच्या घड्याळालाही मागे टाकलं.

त्या महिन्याच्या २८ ला कोजागरी, आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास ग्रहण. भारतात ते मध्यरात्रीनंतर होतं, त्यामुळे दूध कधी आटवायचं, कधी प्यायचं यावर घरच्या ग्रुपवर घनघोर चर्चा. इथे सव्वानऊला ग्रहण ऐन भरात. ढगांच्या फटीतून पाचेक मिनिटं चंद्र दिसला, खालच्या कडेला किंचित कुरतडलेला. त्या ग्रुपवर आक्काही होती. तिने लिहिलं, "आमच्याकडे दूध उद्या." मी काही लिहिलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. वाईचं घर आईच्या मागे दोघींचं झालं. विकायचं की ठेवायचं यावरून सुरुवात झाली आणि कुणी आईचं किती केलं इथपर्यंत गेलं. तपशिलात शिरत नाही, ज्याच्या त्याच्या घरी असा एक असतोच. तेव्हापासून आमचं बोलणं ग्रुपपुरतं.

साउइनबद्दल आजींनी जे सांगितलं ते भुतांपेक्षा गुरांचं जास्त होतं. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात चरायला गेलेली गुरं त्या सुमाराला खाली यायची. मग शेतकरी दोन गोष्टी मोजायचा, चारा किती आणि तोंडं किती. सगळ्यांना हिवाळाभर पुरेल एवढं गवत नसायचंच. कोणतं जनावर ठेवायचं आणि कोणतं कापायचं, ते तेव्हा ठरायचं. मेलेली माणसं त्या रात्री घरी येतात ही समजूतही आहेच. चुलीत विस्तव आणि त्यांच्यासाठी जागा ठेवून लोक झोपायला जायचे. ते ऐकून मला सर्वपित्री आठवली, कुणालाही आठवेल. पण माझ्या मनात रुतून बसला तो चाऱ्याचा हिशेब. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, पोरांची दारं वाजवून झाल्यावर, वही घेऊन बसले. गॉल लोक काळ दिवसांनी नाही तर रात्रींनी मोजतात, असं सीझरने लिहून ठेवलंय. म्हणून सण आदल्या संध्याकाळी सुरू होतो. रात्रपाळी करणाऱ्या बाईला हे लगेच पटतं. पान आडवं धरून दोन रकाने केले. डावीकडे चारा: झोप, पैसे, सुट्ट्या, मन लागेल असे तास. उजवीकडे तोंडं. नोकरी, मुलाचा अभ्यास, एक अर्धवट राहिलेला कोर्स, दोन भिशीवजा मैत्रिणी, आणि शेवटी आक्कावरचा राग. ओळीत लिहिल्यावर दिसलं की या शेवटच्या जनावराला मी पहाटे साडेतीनला, मशिनसमोर बसून, रोज चारा घालते. कोर्स सोडून दिला. भिशीही एक सोडली. राग काही कापवला नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

हिवाळ्याची पानं विरळ आहेत. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. मी अंधारात जायची, अंधारात यायची. पौष पौर्णिमेला नोंद नाही. दोन अमावस्यांना फक्त "झोप" लिहिलंय. ज्यांना अशा वहीतून शांती वगैरे मिळते त्यांना मिळो, मला जानेवारीत सर्दी मिळाली.

फेब्रुवारीत आजींनी लव्हाळ्यांचा क्रॉस विणायला शिकवला. लव्हाळी कापायची नसतात, ओढून उपटायची. मधे चौकोन, चार हात, टोकं दोऱ्याने बांधलेली. दारावर लावला, आमच्या तोरणाच्या खिळ्यालाच. आदल्या रात्री झुडपावर फडकं ठेवायचं, ब्रिजिड जाताजाता त्याला हात लावते आणि मग ते डोकेदुखीवर चालतं, असंही असतं. मी आईच्या नऊवारीचा तुकडा ठेवला. सकाळी तो गोठून पापड झाला होता. डोकेदुखीवर अजून वापरून बघितलेला नाही. या दिवशीही चाऱ्याचाच प्रश्न पुढे येतो: अर्धा शिल्लक आहे ना? माझ्या रजा बघितल्या, अर्ध्या शिल्लक होत्या. वर्ष नवीन सुरू झालेलं, त्यात कर्तबगारी काही नाही.

१ मेची गंमत सांगितलीच पाहिजे. विरजण लावायला दूध कमी पडलं म्हणून सकाळीच आजींकडे वाटी घेऊन गेले. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दार अर्धं लोटून हसायलाच लागल्या. ब्यालतिनाच्या दिवशी घरातून दूध, लोणी, विस्तव, मीठ बाहेर द्यायचं नसतं! दिलं की वर्षभराचं लोणी त्याच्या मागोमाग जातं. ऐन मेच्या पहाटे वाटी घेऊन दूध मागायला येणारी बाई म्हणजे लोणी चोरणारी चेटकीणच. मी म्हटलं, आमच्याकडे तिन्हीसांजेला दूध-दही-मीठ देत नाहीत, लक्ष्मी जाते. "बघ," त्या म्हणाल्या, "तुला माहीत होतं आणि तरी आलीस." पंधरा मिनिटांनी दुकानातून दूध घेऊन परत आले तर माझ्या उंबऱ्यावर पिवळ्या फुलांची मूठ ठेवलेली. गुरांना दोन होळ्यांमधून हाकायचे ते याच दिवशी, मग ती कुरणात सुटायची. आजही इश्नाखच्या टेकडीवर मेच्या सुरुवातीला मोठा जाळ करतात. आम्ही गेलो नाही, तिकीट काढायला उशीर झाला.

आणि त्यानंतर १० मेला, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, आयर्लंडभर आभाळ हिरवं-गुलाबी झालं. उत्तर ध्रुवाकडचा तो प्रकाश एरवी इतका खाली असा येत नाही.  त्या पानावर तीन ओळींचा नियम मोडलाय.

२०२४ चा लूनसा. वर्ष पुरं झालं, म्हणून १ ऑगस्टला पहिल्या पानापासून वाचायला बसले. पंचवीस पौर्णिमा-अमावस्या. चंद्र डोळ्यांनी दिसलेल्या पौर्णिमा पाच. नोंदी एकोणीस. त्यांतल्या तेरा नोंदींची तिसरी ओळ, शब्द इकडेतिकडे सोडले तर, एकच होती: आक्काला फोन केला नाही. 'राग आला' असं एकदाही लिहिलेलं नव्हतं. मला वर्षभर वाटत होतं मी रागावलेली आहे. वहीत मात्र रागाची नाही, राहून गेलेल्या फोनची नोंद होती, दर पंधरा दिवसांनी, लाइट बिलासारखी.

इथे जुलैला कोबीचा जुलै म्हणायचे. जुने बटाटे संपलेले, नवे अजून मातीत, मग कोबी खाऊन दिवस काढायचे आणि ऑगस्ट उजाडला की पहिला बटाटा उकरायचा. आधी उकरला तर घरधन्याची अब्रू जायची. ५ ऑगस्टला सोमवारची सार्वजनिक सुट्टी होती, आणि तोच पहिला श्रावणी सोमवार. आजींनी त्यांच्या वाफ्यातले चार बटाटे आणून दिले. उपासाला उकडायला टाकले, गॅस बारीक केला आणि आक्काला फोन लावला. ती पहिलं वाक्य बोलली ते, "काय झालं? बरी आहेस ना?" घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. दुसऱ्या फोनला निघाला, भांडणही झालं, पण ते बोलून झालं. घर अजून आहे, आम्ही भाडेकरू शोधतोय.

त्या वर्षी साउइन आणि दिवाळी एकाच अमावस्येला आली. लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला यावर भारतात वाद चालू होता. आम्ही दोन्ही दिवस पणत्या लावल्या. सांगाड्याच्या वेषातल्या एका पोराने आकाशकंदिलाकडे बघून विचारलं, हे कुठल्या दुकानात मिळतं? आजी बार्मब्रॅक घेऊन आल्या, मनुकांचा तो पाव, ज्यात अंगठी लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं वर्षभरात लग्न. नवऱ्याच्या दाताखाली आली. आजींनी त्याला गंभीरपणे शुभेच्छा दिल्या.

१ तारखेला पहाटे गाडी काढून टाराच्या टेकडीवर गेले. तिथे एका पाच हजार वर्षांच्या टेकाडात लहानशी दगडी वाट आहे. साउइन आणि इम्बोल्कच्या सुमारास उगवतं ऊन तिच्यात सरळ शिरतं. सात वाजून गेले, सव्वासात, साडेसात. ढग. आभाळ उजळलं, सूर्य काही दिसला नाही. लोखंडी जाळीतून आत मोबाइलचा उजेड टाकून मी दगडावरची वर्तुळं बघितली आणि कामावर गेले.

१८ नोव्हेंबरला संकष्टी होती. चंद्रोदय सहाच्या आत, म्हणजे वाईत रात्रीचे साडेअकरा वाजायला आलेले. भाताला शिटी होत होती तेवढ्यात फोन वाजला. आक्का जागी होती.

"उगवला का गं तुझ्याकडे?"

मी मागचं दार उघडून बघितलं. "उगवला असेल. ढग आहेत."

"थांबतेस?"

"अर्धा तास बघते."

"मोदक केलेस?"

"पाच."

"मग झाकून नको ठेवू," ती म्हणाली, "ताट वाढून बाहेर घेऊनच उभी राहा."